तीन मीटरचा टेप

इतवारीत, लोहा ओळीत घेतला. पिवळा, पोलादी,
बोट काढलं की सर्रकन आत पळणारा.
दुकानदारानं विचारलं, खोलीचं माप घ्यायचं का ताई?
म्हटलं, नाही, कापायचाय.
तो तोंडातला खर्रा चघळायचा विसरला.

पहिला तुकडा एकशे पाच. हा मागे राहतो,
पाठीमागून येणाऱ्याला अडवतो.
मधला नव्वद, पण दोन भागांत, पंचेचाळीस-पंचेचाळीस,
टोकांचा पिवळा रंग घासून काढलेला,
कारण आवाज इथूनच तारेत उतरतो.
पुढचा एकोणनव्वद.
एवढ्याशा फरकावर ठरतं
पुढे कुठे आणि मागे कुठे.

एकूण दोनशे चौऱ्याऐंशी. सोळा उरले.
ते आईनं नेले, असू दे म्हणाली, कामी येईल.

प्लंबिंगचा पाइप, चार क्लॅम्प,
आणि धरायला मुठीच्या जागी बाबांच्या मागाचा धोटा,
जो चाळीस वर्षं
डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, एवढंच शिकला होता.
आता त्याला मी ईशान्य शिकवत होते
तांडापेठेच्या गच्चीवर, मे महिन्यात,
संध्याकाळी सहाला, चपला घालून,
कारण फरशी अजून तव्यासारखी.

रामटेकच्या टेकडीवर मेश्रामांचा प्रज्योत
हॅण्डसेट घेऊन बसलेला असणार. ठरलं होतं तसं.
मी धोटा त्या बाजूला केला
आणि ऐकू आलं मधमाश्यांचं पोळं.

लोकांना वाटतं, असा अँटेना जास्त ऐकतो.
नाही. तो बाकीच्यांना नकार देतो,
मग जे उरतं ते मोठं वाटतं.
आणि जे उरलं होतं ते रामटेक नव्हतं.
इंच इंच फिरवलं. गुणगुण वाढत गेली
आणि काटा टेकला
हेडाऊंच्या खिडकीवर.

बोअरवेलच्या भांडणानंतर चार वर्षं
आम्ही तिकडे पाहणं सोडलं होतं.
पोलादाला काय माहीत.

खाली उतरले. हातात हा माशाचा काटा,
मागे गल्लीतली सहा पोट्टी,
पुढे पुढे चढत जाणारा आवाज.
दार गुणवंताबाईंनी उघडलं.
काऊन वं, हे काय आणलं?
काकू, तुमच्या घरात कोणी तरी ओरडून राह्यलं.
माह्या घरात? मी त एकटीच राह्यतो.

मग एकेक बटण.
पंखा नाही. कूलर नाही.
देवाच्या कोनाड्याभोवती रंगीत दिव्यांची माळ होती,
ती विझली
आणि सगळं शहर एकदम गप्प झालं.

पोरानं सुरतेहून धाडली होती, म्हणाल्या,
दिवाळीपासून चालूच हाये.
बंद कराव वाटलंच नाही.

तेवढ्यात प्रज्योत, स्वच्छ,
जसा ओसरीवर बसून बोलतोय:
कोणी हाये का, मी केव्हाचा बोलून राह्यलो,
माकडानं बिस्किटाचा पुडा नेला, ओव्हर.

काकू हसल्या. मग हसणं थांबवून म्हणाल्या,
हा कुठून बोलून राह्यला?
रामटेकहून.
असं.
पदराला हात पुसून त्यांनी धोटा मागितला.
कसा धरायचा ते विचारलं नाही,
त्यांच्या घरी पण माग होता.

सुरत कोणीकडं येते?
म्हटलं, पश्चिमेला. पण काकू, एवढ्या लांब नाही पोचत हा.
हो, म्हणाल्या, आणि वळल्या.

पात्यांवर अजून आकडे दिसत होते,
एकाहत्तर, बाहत्तर, त्र्याहत्तर, उन्हात चमकत.
जसजशा त्या वळल्या
तसतसा प्रज्योतचा आवाज बारीक होत गेला,
मग नुसती खरखर,
पीठ चाळल्यासारखी.

त्या ऐकत होत्या.
मी काही बोलले नाही.
तिकडे रामटेकवर तो हॅलो हॅलो करत असणार.